बोलेरोला दुसरी बॅटरी आणि घाटातल्या मदतीसाठी लाईट: काय बसवायचं, कसं बसवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनापण संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे, रात्री चोर्ला घाटात कुणाची गाडी खाली गेली, झाड आडवं पडलं की चार-पाच मित्र मिळून बोलेरो काढून मदतीला जाता. तिथं इंजिन बंद करून हेडलाईट आणि चारी इंडिकेटर लावून थांबलं की दोनेक तासात बॅटरी उतरते, सेल्फ लागत नाही, गाडी ढकलायला लागते. म्हणून टपावर लाल-निळा फिरता लाईट आणि मागं दुसरी बॅटरी बसवायची आहे, कुठली बॅटरी घेऊ आणि वायर किती जाडीची घेऊ असं विचारलंय. मी बेळगावच्या उद्यमबागेत गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर, टेम्पो सगळं येतंय, त्यामुळं जरा लांब लिहितो, सावकाश वाचा.

लाल-निळ्याचं पहिलं सांगून टाकतो कारण त्यात वादाला जागाच नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवेसुद्धा निघाले. लाल-निळा-पांढरा असा मिश्र दिवा केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १०८ नंबरच्या नियमाखाली फक्त आग विझवणाऱ्या, कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरच्या पोलीस आणि सैन्यदलाच्या, आणि आपत्तीच्या कामाला नेमलेल्या गाड्यांनाच आहे, तेही ड्युटीवर असताना. त्या गाड्यांची यादी राज्याचं परिवहन खातं जाहीर करतं. तुमचं मन कितीही चांगलं असलं तरी खाजगी बोलेरो त्यात येत नाही. दुसरं, कुठल्याच गाडीनं पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही, रिव्हर्स लाईट, नंबर प्लेटचा दिवा, इंडिकेटर असले ठरलेले अपवाद सोडून. सायरन आणि वेगवेगळ्या सुरांचा हॉर्नपण तसाच, तो ॲम्ब्युलन्स, फायरसारख्या गाड्यांचा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. हा सगळा केंद्राचा कायदा, म्हणजे केए-२२ ची, आपल्या बेळगाव पासिंगची गाडी घाट उतरून गोव्यात गेली काय किंवा शिनोळीवरनं आंबोलीकडं महाराष्ट्रात गेली काय, तिन्हीकडं तेच लागू.

पण मी दंडाच्या भीतीनं सांगत नाही. रात्री घाटात लाल-निळा दिसला की लोक पोलीस आले म्हणून थांबतात, जखमी माणूस विश्वास टाकतो, गर्दी बाजूला होते. तो विश्वास ज्यांच्याकडं जबाबदारी आहे त्यांच्यासाठीच ठेवला पाहिजे. खरी ॲम्ब्युलन्स आली आणि तिथं आधीच दोन गाड्यांवर तसलेच दिवे फिरत असले की येणाऱ्या ट्रकवाल्याला कुणाला वाट द्यायची तेच कळत नाही, आणि त्यात जाणारा वेळ त्या जखमी माणसाचा असतोय. तुम्ही मदतीला जाताय त्याला कायद्याचा आधार आहेच की, कलम १३४-अ मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण देतं, त्यासाठी टपावर दिवा लागत नाही. ११२ आणि १०८ हे मदतीचे फोन नंबर कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीकडं चालतात. फक्त कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, म्हणून एकाला रेंज असलेल्या जागेला मागं पाठवायचं हे आधीच ठरवून ठेवा.

मग लाईट कुठला लावायचा? पिवळा, म्हणजे इंडिकेटरच्या रंगाचा एलईडी फ्लॅशर, खाली लोहचुंबक असलेला, काढता-घालता येणारा. गाडी थांबली की टपावर मागच्या बाजूला ठेवायचा, निघताना काढून आत. चालत्या गाडीवर पिवळा फिरवत जायची मोकळीक आहे असं समजू नका, आणि टपावर कायमचं बोल्ट मारून काही बसवायचं असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा. कायमचं नसल्याचा अजून एक फायदा म्हणजे टपाला भोक पडत नाही. आमच्याकडच्या पावसात टपाला पडलेलं भोक कितीही सिलिकॉन भरलं तरी दोन पावसाळ्यात गळायला लागतंय, आणि ते पाणी बरोबर फ्यूज बॉक्सवर येतंय.

फ्लॅशर घेताना लोक सगळ्यात झगझगीत आणि सगळ्यात फास्ट चमकणारा मागतात. नका घेऊ. मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकणारा पुरे. फार फास्ट स्ट्रोब असला की समोरच्याला अंतराचा अंदाज येत नाही, डोळे दिपतात, आणि जुलैत धुकं असताना तर सगळा उजेड धुक्यावर आपटून परत तुमच्याच डोळ्यात येतोय, चोर्ल्याला पण आणि आंबोलीला पण. म्हणून दोन ताकदीचा घ्या, दिवसा फुल आणि रात्री कमी. टपावरच्या पांढऱ्या एलईडी बारचंपण तेच, धुक्यात त्याचा काही उपयोग नाही. उजेड पाहिजे तर बंपरच्या खाली, रुंद पसरणारा, पिवळसर. बुलगार्डवर मात्र नको, बुलगार्डच २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रानं बंद करायला सांगितलंय. काम करायला पांढरा उजेड लागतो तो वेगळा ठेवा, लांब वायरचा किंवा स्टँडवरचा वर्क लाईट, तो जमिनीकडं तोंड करून, रस्त्याकडं नाही.

आणि एक गोष्ट लाईटपेक्षा महत्त्वाची आहे. घाटात तुमचा लाईट वळणाच्या पलीकडं कुणाला दिसतच नाही. गाडी ताशी ६० नं येत असेल तर सेकंदाला १६-१७ मीटर जाते, ड्रायव्हरला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले, ओल्या रस्त्यावर थांबायला अजून ३५ धरा, म्हणजे ६० मीटर. नॅशनल हायवेवर तवंदी घाट किंवा वंटमुरीला ८० चा स्पीड धरला तर हेच शंभराच्या आसपास जातंय. मग रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण गाडीच्या बुडाशी लावून काय उपयोग. तो वळणाच्या अलीकडं, वरनं येणाऱ्यासाठी एक आणि खालनं येणाऱ्यासाठी एक, आणि शक्य असेल तर दोन्हीकडं रिफ्लेक्टर जाकीट घातलेला माणूस टॉर्च घेऊन, डांबरावर नाही, कडेला उभा. तुमचं बजेट कमी असेल तर आधी दोन त्रिकोण, पाच जाकीट आणि तीन चांगले टॉर्च घ्या, बॅटरी पुढच्या महिन्यात. निपाणी-चिकोडीकडं उसाच्या सीझनमध्ये मागं एकपण दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात, तिकडचे पोरं आले की त्यांनापण मी पहिल्यांदा हेच घ्यायला सांगतो.

आता बॅटरीकडं. दुसऱ्या बॅटरीचं काम एकच, मेन बॅटरीला हात लागू द्यायचा नाही. तुम्ही रात्रभर लाईट लावा, मोबाईल चार्ज करा, काहीपण करा, पण निघायच्या वेळेला चावी फिरवली की सेल्फ लागलाच पाहिजे. गाडीत जखमी माणूस असला आणि सेल्फ नुसता कट-कट करत बसला तर मदत करणाऱ्यालाच मदत लागते. पुढचा प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर तपासून बघा.

पहिल्यांदा हिशेब करायचा, दुकानात नंतर जायचं. आत्ता बॅटरी का उतरते ते बघा. हॅलोजन हेडलाईट दोन, ५५ वॅटचे, झाले ११०, म्हणजे ९ अँपिअर. पार्किंग, टेल, नंबर प्लेट मिळून २-३ अँपिअर. चारी इंडिकेटर २१ वॅटचे, चालू-बंद होतात म्हणून सरासरी साडेतीन. सगळं १५ अँपिअरच्या आसपास. बॅटरी ६०-६५ अँपिअर-तासाची, जुनी झालेली, त्यातलं निम्मं वापरलं की सेल्फची खात्री संपली, म्हणजे दोन तास. तुमचा अनुभव आणि हिशेब दोन्ही जुळतात, बॅटरीत दोष नाही. आता हेडलाईट बंद ठेवून ४० वॅटचा एलईडी वर्क लाईट साडेतीन अँपिअर, फ्लॅशर जेमतेम एक, मोबाईल चार्जिंग एक-दीड, सगळं ६ अँपिअर. ४० अँपिअर-तासाची जादा बॅटरी घेतली आणि निम्मीच वापरायची असं ठरवलं तरी तीन तासाच्या वर मिळतात, ६५ ची घेतली तर पाच तास. बघा, हेडलाईटच्या जागी एलईडी वर्क लाईट आला एवढ्यानंच निम्मं काम झालं. टायरमध्ये हवा भरायचा पंप १०-१५ अँपिअर खातो पण पाच-दहा मिनिटं, तो हिशेबात नसला तरी चालतंय, इंजिन चालू ठेवून वापरा. ३०० वॅटचा इन्व्हर्टर मात्र २५ ते ३० अँपिअर ओढतो, तो लावायचा असेल तर सगळा हिशेब बदलला, मला वेगळं विचारा.

बॅटरी कुठली? घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर गाडीत टाकायची नाही, उंच असते, गाडी हलली की ॲसिड सांडतं आणि धक्क्यानं प्लेटा खचतात. साधी पाण्याची गाडीची बॅटरी चालते पण तिच्यातनं चार्जिंगला हायड्रोजन निघतो, म्हणून ती फक्त बोनेटखाली किंवा गाडीच्या बाहेरच्या बाजूला बंद पेटीत, माणसं बसतात तिथं नाही. मागं सीटजवळ ठेवायची असेल तर एजीएम, म्हणजे सीलबंद, सांडत नाही. साधी सेल्फची बॅटरी वारंवार पार खाली उतरवली की लवकर मरते, तिची बनावट एकदम मोठा करंट थोडा वेळ द्यायची आहे, म्हणून जादा बॅटरी डीप सायकलवाली, म्हणजे वारंवार खाली उतरवली तरी टिकणारी बघा. लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हलकी, ८० टक्केपर्यंत वापरली तरी चालते, पण बोनेटखालची गरमी तिला सोसत नाही, आणि ती रिकामी असताना डायनॅमोकडनं एवढा करंट ओढते की डायनॅमोच तापून जातो, म्हणून लिथियमला डीसी-डीसी चार्जर, म्हणजे डायनॅमोकडनं ठरावीकच करंट घेऊन दुसरी बॅटरी भरणारा चार्जर लागतोच. तुमच्या कामाला मी ६५ च्या आसपासची एजीएम घ्या म्हणेन.

आता जोडणी, इथंच सगळे चुका करतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस वायर मारून दोन्ही बॅटऱ्या कायमच्या एकत्र केल्या की त्या दोन नाहीत, एकच मोठी बॅटरी झाली, दोन्ही एकदमच उतरणार. गावातला कुणी असं करून देत असेल तर करून घेऊ नका. मधे काहीतरी पाहिजे जे इंजिन चालू असताना जोडतं आणि बंद झाल्यावर तोडतं. साधा उपाय म्हणजे व्होल्टेज बघून चालणारा रिले, दुकानात व्हीएसआर म्हणून मागा. साधारण १३.३ च्या वर जोडतो आणि १२.८ च्या खाली तोडतो. काही जण त्याऐवजी ट्रॅक्टरच्या सेल्फचा सोलेनॉइड लावतात, स्वस्त पडतो म्हणून. तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, तासभर चालू ठेवला की त्याची कॉइल जळते. सतत चालणारा, कंटिन्युअस ड्युटी असं लिहिलेला घ्या.

पण व्हीएसआर लावायच्या आधी तुमची बोलेरो कुठल्या सालची आहे ते बघायला लागतंय. जुन्या गाड्यांत डायनॅमो कायम १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो, तिथं व्हीएसआर मस्त चालतो. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांनंतरच्या बऱ्याच गाड्यांत डिझेल वाचवायला कॉम्प्युटर डायनॅमोचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो आणि गाडी उतारावर किंवा ब्रेकवर असली की वर नेतो. तिथं व्हीएसआर सारखा जोड-तोड करत बसतो आणि जादा बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. ओळखायचं सोपं आहे, मेन बॅटरीवर मीटर लावा, गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवा, कुणाला तरी आकडे बघायला सांगा. १४ च्या आसपास बसून राहिला तर जुन्या पद्धतीचा, मधेच १२.५ ते १३ वर उतरून परत चढायला लागला तर स्मार्ट. स्मार्टवाला निघाला तर डीसी-डीसी चार्जरच घ्या, महाग आहे पण दुसरा इलाज नाही. त्यातपण इग्निशनची एक बारीक वायर जोडायचा जो प्रकार आहे तोच घ्या, म्हणजे चावी बंद असताना तो मेन बॅटरीतनं ओढत नाही.

वायर आणि फ्यूज. इथं मी जरा हट्टी आहे. फ्यूज लाईटला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर कुठं घासली, इन्सुलेशन गेलं आणि बॉडीला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लालभडक होते, सीटचा फोम पेटतो, आणि तुम्हाला थांबवायला काही हातात नसतं. म्हणून फ्यूज वायर जिथनं सुरू होते तिथंच, बॅटरीपासून वीतभराच्या आत. आता ही जी लांब वायर बोनेटपासून मागंपर्यंत जाते तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे ना? म्हणजे करंट दोन्हीकडनं येऊ शकतो. म्हणून दोन फ्यूज, पुढच्या बॅटरीपाशी एक आणि मागच्या बॅटरीपाशी एक. दहा गाड्यांतल्या आठांत मला पुढचाच फ्यूज दिसतो, मागचा नसतोच, आणि नेमकी मागची बॅटरी माणसांच्या जवळ असते.

जाडीचा हिशेब असा. पुढून मागं साधारण ४ मीटर धरा, जाऊन-येऊन ८ मीटर. ६ चौरस मिमीच्या वायरमधनं २० अँपिअर गेला तर ०.४६ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतो, १० मध्ये ०.२८, १६ मध्ये ०.१७. बारा व्होल्टात अर्धा व्होल्ट म्हणजे फार, मागची बॅटरी कधी पूर्ण भरणारच नाही. घरात लाईट फिटिंगला जी वायर वापरतात तिचा विचार सोडा, २३० व्होल्टला जी पुरते ती बाराला पुरत नाही. डीसी-डीसी २० अँपिअरचा असेल तर १० किंवा १६ ची वायर आणि ३० किंवा ४० चा फ्यूज. व्हीएसआर असेल तर रिकामी बॅटरी सुरुवातीला खूप ओढते, तिथं २५ ची वायर आणि १०० चा बोल्ट लावून बसणारा फ्यूज, पाती असलेले रंगीत फ्यूज एवढ्याला नाहीत. जादा बॅटरीपासून पुढं प्रत्येक लाईटला मात्र छोटा फ्यूज बॉक्स लावा, वर्क लाईटला १० चा म्हणजे लाल, फ्लॅशरला ५, चार्जिंगला १० पुरे, पंपाला २० चा पिवळा आणि त्याला ४ ची वायर. फ्यूज उडाला की त्याच्यापेक्षा मोठा टाकायचा नाही, आणि सिगरेटच्या पाकिटाची चांदी तर अजिबात नाही, अजून बघायला मिळतंय म्हणून सांगतो.

वायर ऑटोमोटिव्हची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात त्याच जाडीची म्हणून मिळते, ती लवकर तापते आणि लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला बोल्टसाठी बसवायच्या धातूच्या कडीत, सैल होते. चाकूनं एक तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली की परत द्या. टोकाला लग हातोडीनं ठोकायची नाही, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह. उद्यमबागेत नाहीतर ऑटोनगरला तो क्रिंपर कुणाकडंतरी असतोच, तेवढे चार लग मारून आणा. नुसत्या काळ्या टेपनं केलेला जोड आमच्या पावसात एक सीझनपण टिकत नाही, कणकुंबीसारखा पाऊस असला तर विचारूच नका. पत्र्यातनं वायर जाते तिथं रबर ग्रोमेट, आणि अख्खी वायर फ्लेक्स पाइपात, सायलेन्सर आणि स्टिअरिंगच्या रॉडपासून लांब, दर वीतभरावर टाय.

अर्थिंगचं थोडक्यात. मागच्या बॅटरीची मायनस तिथंच चेसिसला द्या, प्लसएवढ्याच जाडीच्या वायरनं. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, दातेरी वॉशर, आणि घट्ट केल्यावर वरनं पेट्रोलियम जेली. पातळ पत्र्याला नको, चेसिसच्या फ्रेमला. नव्या गाड्यांत मेन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तिथं कधीही थेट टर्मिनलवर जादा वायर लावू नका, सेन्सरच्या पलीकडं बॉडीला लावा, नाहीतर कॉम्प्युटरला बॅटरीचा अंदाज चुकीचा मिळतो आणि चार्जिंग गंडतंय.

बसवायची जागा. ६५ ची बॅटरी वीसेक किलोपर्यंत जाते. गाडी कशावर आदळली की ती तोफेच्या गोळ्यासारखी पुढं येणार, आणि पुढं तुमची पोरं बसलेली. म्हणून नुसता पट्टा किंवा स्प्रिंग चालत नाही. लोखंडी ट्रे, वरनं क्लँप, ८ मिमीचे बोल्ट फ्लोअरमधनं आरपार, खालनं जाड पट्टी. ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली झोपून बघा, डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठनं जातंय ते, आणि ड्रिलला थांबा लावा. वेल्डिंग करायचं असेल तर ट्रे बाहेर काढून करा, गाडीवरच करायची पाळी आली तर आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनस काढा, इसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर जळाला तर त्या पैशात अजून दोन बॅटऱ्या आल्या असत्या. प्लस टर्मिनलवर रबरची टोपी पाहिजेच, वर पाना पडला की संपलं. आणि जमेल तेवढी उंचावर बसवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळीकडं पाणी चढलं तेव्हा मदतीला गेलेल्या गाड्या चाकभर पाण्यात उभ्या होत्या, असल्या कामाला जाणाऱ्या गाडीत फ्यूज बॉक्स आणि रिले तरी सीटच्या उंचीच्या वर ठेवा.

लो-व्होल्टेज कटऑफ लावा हे विसरू नका, जादा बॅटरी ११.८-१२ वर आली की लाईट आपोआप बंद. पार उतरलेली शिशाची बॅटरी परत पहिल्यासारखी होत नाही. आणि जंपर केबल गाडीत ठेवा. जादा बॅटरी मेनला बटण दाबून जोडायची सोय करता येते, पण त्याला ३५ ची वायर आणि १५० च्या वरचा रिले लागतो, त्यापेक्षा चांगली जाड जंपर केबल दुसऱ्याच्या गाडीलापण उपयोगी पडते. आणि फ्लॅशर, वर्क लाईटचे स्विच डॅशबोर्डवर अशा जागी ठेवा की अंधारात हातानं चाचपून कळले पाहिजेत, हेडलाईटच्या स्विचशेजारी नकोत.

गाडीची वॉरंटी आणि इन्शुरन्स दोन्ही चालू असेल तर काम करायच्या आधी बोलून घ्या. कंपनीच्या वायरिंगला कुठंही कापाकापी करू नका, सगळं थेट बॅटरीवरनं वेगळं काढलं की नंतर काढून टाकणंपण सोपं. बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत थोडा जादा प्रीमियम भरून लिहून घेता येतात, बिलं जपून ठेवा.

काम झाल्यावर वायरमनसमोरच टेस्ट करून घ्या, पैसे त्यानंतर. चावी बंद, सगळे दरवाजे बंद, गाडी अर्धा तास तशीच सोडून मेन बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर लावा, ०.०५ अँपिअरच्या वर करंट दिसला तर कुठंतरी चोरी चालू आहे. मग इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांवर व्होल्टेज बघा, फरक ०.३ च्या आत पाहिजे, डीसी-डीसी असेल तर मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्तपण दिसेल, ते बरोबर आहे. इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळानं दोन्ही वेगळ्या झाल्या पाहिजेत. त्यानंतर सगळे लाईट लावून एक तास इंजिन बंद ठेवा, प्रत्येक लगला, फ्यूजला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड परत करायचा. आणि त्या तासानंतर मेन बॅटरी १२.६ च्या आसपास जशी होती तशीच आहे का ते बघा. ती खाली आली असेल तर कुठलातरी लाईट चुकून मेनवर जोडलाय, शोधून मागच्या बॅटरीवर घ्यायला लावा.

पहिली एक-दोन घाटाची फेरी झाली की सगळे बोल्ट परत एकदा आवळा, नवीन लग बसतात आणि सैल होतात. पुढं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पावडर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवून, कोरडी करून जेली लावायची. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातनं एकदा तरी तासभर चालवा, नुसतं सुरू करून दहा मिनिटांत बंद केलं तर सेल्फला गेलेलंसुद्धा भरून येत नाही.

तुमच्या बोलेरोचं साल आणि मीटरवर चालत्या गाडीत काय आकडे आले तेवढे कळवा, म्हणजे व्हीएसआर का डीसी-डीसी ते नक्की सांगतो.